‘मला नाहीच जमणार’ असं ती करून बघायच्या आधीच म्हणते

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत):

एका आईचं पत्र आहे. मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होतो), दोन्ही पायांना एएफओ स्प्लिंट, म्हणजे पाऊल आणि घोट्याला आधार देणारे साचे, लागतात आणि चालायला वॉकर. अभ्यासात ठीक, चित्रं छान काढते, घरात अखंड बडबड करायची. गेल्या काही महिन्यांपासून मात्र काहीही नवीन समोर आलं की ‘मला नाहीच जमणार’ म्हणते आणि विषय संपवते. शाळेच्या कार्यक्रमात सगळा वर्ग स्टेजवर नाचला, हिला बाजूला खुर्चीवर बसवून टाळ्या वाजवायला सांगितलं, आणि त्यानंतर वर्गातली दोन मुलं तिच्या चालण्याची नक्कल करायला लागली. धाकटा भाऊ सहा वर्षांचा, तो आता स्वतःचे बूट स्वतः घालतो आणि ही नुसती बघत बसते. सकाळच्या घाईत हिचे स्प्लिंट, बूट, वेणी, दप्तर सगळं आई करते, कारण एकतर बस चुकते आणि दुसरं म्हणजे तिची धडपड बघवत नाही. वडील म्हणतात तिला जरा कणखर कर, जग काही तिला उचलून घेणार नाही. यावरून घरात कुरबुरी. आईने पॅरालिम्पिक खेळाडूंचे व्हिडिओ दाखवले, ‘तू कुणापेक्षा कमी नाहीस’ असं रोज सांगितलं, तर एक दिवस मुलीने फोन उलटा करून ठेवला आणि म्हणाली, ‘मी त्यांच्यासारखी नाहीये’. डॉक्टरांनी लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर सुचवलीय, पण ती घेतली की ही चालणंच सोडेल अशी आईला भीती. एका रात्री मुलीने विचारलं, ‘मोठी झाल्यावर मी नीट चालेन ना?’ आई ‘हो गं राणी’ म्हणून गेली आणि मग तिला रात्रभर झोप नाही. विचारतेय: हिचा आत्मविश्वास कसा वाढवू, आणि शाळा बदलू का?

ताई,

पत्र वाचल्यावर सगळ्यात आधी मनात आलं ते हे की तुमची लेक फार नीट विचार करते. ‘मी त्यांच्यासारखी नाहीये’ हे तिचं म्हणणं तुम्हाला निराशेचं वाटलं, मला ते अगदी बरोबर निरीक्षण वाटतं. व्हिडिओमधला तो माणूस मोठा आहे, वर्षानुवर्षं रोज प्रॅक्टिस करतोय, त्याचं अपंगत्व वेगळं, शरीर वेगळं, त्याच्यामागे कोच आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलीला त्यातून काय कळणार, तर एवढंच की माझ्यासारख्या माणसाने मेडल आणलं तरच त्याचं कौतुक होतं. मग मी काय करू?

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आत्मविश्वास कसा वाढवू असं तुम्ही विचारलंय, आणि त्यात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात की आधी तिच्यात आत्मविश्वास आला पाहिजे, मग ती गोष्टी करायला लागेल. बहुतेक वेळा हे उलटं घडतं. अल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये यावर सविस्तर मांडणी केली, ‘हे मला जमेल’ ही भावना माणसाच्या मनात कुठून येते याची. त्याने चार वाटा सांगितल्या. सगळ्यात जोरदार वाट म्हणजे स्वतःच्या हाताने काहीतरी पूर्ण केल्याचा अनुभव. मग आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना बघणं. त्यानंतर दुसऱ्यांनी दिलेला धीर. आणि चौथं, त्या क्षणी आपलं शरीर आणि मन कसं आहे, म्हणजे दमलोय का, घाबरलोय का, छाती धडधडतेय का. तुम्ही सगळी ताकद तिसऱ्या वाटेवर लावलीत, जी एकट्याने फार लांब नेत नाही. आणि सकाळची वेळ बघा, घड्याळ पुढे पळतंय, आई कावलेली, बस येतेय, अशा वेळी तिचे हात आणखी ताठ होत असणार, त्यात तिने स्वतःहून काही करावं ही अपेक्षाच चुकीच्या वेळी केलेली आहे. म्हणून सकाळी तुम्ही करून देता त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका, सकाळ सोडून द्या. शिकायची वेळ वेगळी ठेवा, शाळेतून आल्यावर थोडी विश्रांती झाली की, किंवा सुट्टीच्या दिवशी, जेव्हा कुणीच कुठे जायचं नाहीये.

आणि एकच काम घ्या. मी स्प्लिंटपासून सुरू करीन, कारण भावाच्या बुटांकडे ती बघत बसते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तिच्या मनात ते आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे तज्ज्ञ, एक साधी पद्धत वापरतात, शेवटची पायरी आधी शिकवायची. आता स्प्लिंट घालणं म्हणजे आपल्याला एक काम वाटतं पण त्यात किती कामं आहेत बघा: लांब मोजा चढवायचा, त्याला कुठेही चुणी राहू द्यायची नाही, गुडघा वाकवून पाय आत सरकवायचा, टाच मागे पूर्ण टेकली का बघायचं, घोट्यावरचा पट्टा आधी आवळायचा, मग वरचा, मग बूट, मग बुटाचा पट्टा. ‘चल आज तू घाल’ म्हणून पहिल्यापासून करायला लावलं तर मोज्यातच तिचा दम निघेल, शेवटी तुम्हीच पूर्ण कराल आणि तिच्या लक्षात राहील की अर्धवट राहिलं. त्याऐवजी सगळं तुम्ही करा आणि बुटाचा शेवटचा पट्टा फक्त तिने लावायचा. पट्टा चिकटला, काम संपलं, तिच्या हातून संपलं. ते सहज व्हायला लागलं की शेवटचे दोन पट्टे तिचे. मग शेवटचे तीन. अशाने प्रत्येक वेळी पूर्ण झालं हा अनुभव तिच्या पदरात पडतो आणि अर्धवट सोडल्याची सल राहत नाही. पट्ट्याच्या टोकाला बोट घालता येईल अशी कडी शिवून घ्या, पाठ टेकता येईल अशी जागा द्या, कारण बसण्याचा तोल सांभाळण्यात हात अडकले तर ते पट्ट्याला कुठून मोकळे मिळणार. काढल्यावर त्वचेवर लाल खुणा आहेत का आणि त्या थोड्या वेळात जातात का हे बघायचं कामही तिलाच शिकवा, स्वतःच्या शरीराची राखण करणं हे पट्टा लावण्याइतकंच मोठं काम आहे, आणि खुणा तशाच राहत असतील तर डॉक्टरांना तिनेच सांगू दे. तिच्या थेरपिस्टने वेगळा क्रम सांगितला असेल तर अर्थात तोच पाळा.

कदाचित यातली एखादी पायरी तिच्या हातांना कधीच जमणार नाही, जमायलाच हवी असंही नाही. मग तिने शब्दांनी करून घ्यायचं, ‘आई, टाच अजून मागे गेली नाहीये, पुन्हा घाल’. हेही तिनेच केलेलं काम आहे. स्वावलंबन म्हणजे सगळं एकटीने करणं असं आपल्या मनात इतकं घट्ट बसलंय ना की ज्या मुलांना आयुष्यभर कुणाची तरी मदत लागणार आहे ती मुलं त्या व्याख्येत कायमची नापास होतात. आपल्याला कुठली मदत हवी, कशी हवी, कुणाकडून हवी हे ठरवता येणं आणि ते न लाजता सांगता येणं, आणि नको असेल तेव्हा ‘थांबा, मी करते’ म्हणता येणं, हे माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. याची प्रॅक्टिस घरातच करता येते. तिला न विचारता उचलायचं नाही, वॉकर न विचारता बाजूला सरकवायचा नाही, पाहुण्यांनी तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं नाही. कुणी तुम्हाला विचारलं की ‘हिचं नाव काय हो’, तर तिच्याकडे बघा आणि गप्प राहा. असं गप्प राहणं अवघड जाईल तुम्हाला, सांगून ठेवते.

आता व्हीलचेअर. इथे तुमच्या भीतीशी मी जरा भांडणार आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना चालायला इतर मुलांपेक्षा खूप जास्त ऊर्जा लागते, दुप्पट, काही वेळा तिपटीपर्यंतही. म्हणजे तुमची मुलगी बसस्टॉपपासून वर्गापर्यंत पोचते तेव्हा तिचा अर्धा दिवस खर्च झालेला असतो आणि बाकीच्यांचा दिवस अजून सुरूही झालेला नसतो. मग मधल्या सुट्टीत ती बसून राहते आणि आपण म्हणतो मुलांमध्ये मिसळत नाही, आत्मविश्वास कमी आहे. अहो दमलेली असेल ती! हाताने धरायच्या साधनाच्या आधाराने चालणाऱ्या बऱ्याच मुलांना घरात, वर्गात वॉकर आणि लांब जायला व्हीलचेअर हेच सुचवलं जातं, डॉक्टरांनी काही वेगळं किंवा वाईट सांगितलेलं नाहीये. वय वाढतं, उंची आणि वजन वाढतं तसं चालणं आणखी दमवणारं होतं, तेव्हा ही सोय आधीपासून ओळखीची असलेली बरी. चालणं सुटेल का, तर त्यासाठी चालण्याचा व्यायाम आणि रोजचं थोडं चालणं थेरपिस्टशी बोलून ठरवून ठेवा, पण कुठेतरी पोचण्यासाठी चाकं वापरली तर बिघडत नाही. तिची शक्ती मोजकी आहे, ती चित्रांवर, मैत्रिणींवर, खेळावर खर्च व्हावी की कॉरिडॉरवर, हे ठरवताना तिलाही विचारा. कदाचित ती एकदम हो म्हणेल. कदाचित रडेलही, कारण तिला तुमच्या चेहऱ्यावर दिसलंय की व्हीलचेअर म्हणजे हार, तेव्हा चेअर घरी आणायच्या आधी तुमचं मन त्या चेअरशी जुळवून घ्या. रंग तिला निवडू द्या.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी पूर्ण खोडून काढणार नाही. तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं मूल पुढे बिचकतंच, हे त्यांना दिसतंय. पण ‘जग उचलून घेणार नाही’ म्हणून घरानेही आधीच हात काढून घेतला तर मूल कणखर होत नाही, एकटं पडतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा पार चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. त्यातली बरीच मुलं अवघड परिस्थितीतली, गरिबी, घरात भांडणं, जन्माच्या वेळच्या गुंतागुंती, एकाच मुलाच्या वाट्याला यातलं बरंच काही आलेलं. अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठी होऊन छान, सक्षम, दुसऱ्यांची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्यात काय सारखं होतं? निदान एक तरी माणूस असा की जो काहीही झालं तरी त्यांच्या बाजूचा. आणि मला फार आवडलेली दुसरी गोष्ट, त्यातल्या बऱ्याच मुलांवर घरातली खरी जबाबदारी होती, म्हणजे त्यांनी ते केलं नाही तर घराचं अडलं असतं. तुमच्या घरात सगळे तिच्यासाठी करतात. तिच्यावाचून घराचं काय अडतं? खोटं खोटं काम देऊ नका, मुलांना लगेच कळतं. घरातल्या औषधांच्या तारखा तपासणं, कुणाला कधी फोन करायचा ते लक्षात ठेवणं, भावाला वाचून दाखवणं, वाढदिवसाची कार्डं बनवणं, तिच्या हातात आणि डोक्यात जे आहे त्यातलं काहीतरी कायमचं तिच्याकडे सोपवा, आणि ती विसरली तर गुपचूप स्वतः करून टाकू नका. ‘अगं, राहिलं तुझं’ म्हणा, जसं भावाला म्हणाल तसंच. आई-बाबांनी आधी या एका कामावर एकमत करा, बाकीचे वाद जरा बाजूला ठेवा.

कौतुकाबद्दल. ‘तू कुणापेक्षा कमी नाहीस’ हे प्रेमाने म्हणता तुम्ही, पण ऐकणाऱ्याला त्यात असं ऐकू येतं की कुणीतरी मला कमी समजतंय म्हणून रोज सांगावं लागतंय. पुन्हा, छोट्या छोट्या गोष्टींवर टाळ्या, ‘वा, उठून बसलीस, किती शूर’, ही नऊ वर्षांच्या मुलीला लाजवणारी गोष्ट आहे. आणि ‘प्रयत्न केलास तर सगळं जमतं’ हे तर तिला सांगूच नका, कारण ते खरं नाहीये आणि तिला ते माहितीये, आणि मग जे जमलं नाही ते माझ्या कमी प्रयत्नांमुळे असा तिचा समज होतो. जे दिसलं ते सांगा. ‘या झाडाच्या सावलीला तू निळा रंग दिलास, मला सुचला नसता.’ ‘पट्टा निसटला तेव्हा तू थांबलीस, हात बदललास आणि मग लावलास.’ बस. यात तिला कळतं की आईने बघितलं, आणि पुढच्या वेळी अडलं की काय करायचं तेही.

‘मला नाहीच जमणार’ म्हणाली की तिथेच ‘जमेल गं’ म्हणून खोडून काढण्यापेक्षा विचारा, ‘यातलं कुठलं अवघड वाटतंय?’ कधी उत्तर येईल, ‘सगळे बघतील’. कधी ‘पाय दुखतोय’. कधी ‘उशीर होईल माझ्यामुळे’. ही तीन वेगळी उत्तरं आहेत आणि तिन्हीवर उपाय वेगळे. आणि कधी कधी ती नुसती ‘नको’ म्हणेल, तेव्हा नको. अपंग मुलांच्या आयुष्यात ‘नको’ म्हणायची जागाच फार थोडी असते, व्यायाम, तपासण्या, अपॉइंटमेंट, कुणीही येऊन पाय वाकवून बघतं. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, २००६ चा आहे तो, मुलांसाठी वेगळं कलम आहे, सातवं, त्यात स्पष्ट म्हटलंय की अपंग मुलांना त्यांच्याशी संबंधित सगळ्या बाबतीत आपलं मत मांडायचा हक्क आहे आणि ते मांडायला वयाप्रमाणे, अपंगत्वाप्रमाणे लागेल ती मदत त्यांना मिळाली पाहिजे. मोठी भाषा आहे पण घरात ती अगदी साध्या गोष्टीत उतरते: व्यायाम आधी का गृहपाठ आधी, डॉक्टरांना पहिला प्रश्न कोण विचारणार, दुखलं तर थांबायची खूण काय. आणि तिच्या प्रत्येक खेळाची थेरपी करू नका प्लीज. खेळ खेळच राहू दे.

रात्रीच्या त्या प्रश्नाबद्दल बोलायलाच हवं. ‘हो गं राणी’ कुठलीही आई म्हणेल, तेव्हा स्वतःला कोसत बसू नका, पण तो प्रश्न तिथे मिटलेला नाही, तिने पुन्हा विचारायची वाट न बघता तुम्हीच काढा. गाडीत, चित्रं काढताना, समोरासमोर न बसता सोपं जातं. ‘तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, त्याचं मी घाईत उत्तर दिलं. खरं उत्तर सांगते. तू लहान असताना तुझ्या मेंदूच्या एका भागाला इजा झाली, तो भाग पायांना निरोप पाठवतो. ती इजा वाढत नाही, पण जातही नाही. म्हणून तुझं चालणं वेगळंच राहील. व्यायामाने, स्प्लिंटने, कदाचित ऑपरेशनने ते सोपं होऊ शकतं, दुखणं कमी होऊ शकतं.’ मग थांबा. ती रडली तर रडू द्या, लगेच ‘पण तुझी चित्रं किती छान’ म्हणून उडी मारू नका. तिला वाईट वाटण्यासारखं आहे त्यात, राग येण्यासारखंही आहे. ‘मलाही कधी कधी वाईट वाटतं’ एवढं म्हटलंत तरी चालेल, मात्र तुमचं दुःख तिने सांभाळायची वेळ येऊ देऊ नका, त्यासाठी मोठं माणूस शोधा. खरं सांगणाऱ्या आईवर मूल विश्वास ठेवतं, आणि तीच आई ‘हे तुला जमेल’ म्हणाली की त्या वाक्याला मग किंमत येते.

आता शाळा, आणि इथे मला खरंच राग आला. हिला खुर्चीवर बसवून टाळ्या वाजवायला लावल्या, आणि तिने हिरमुसून ‘मला जमणार नाही’ म्हटलं तर आपण तिचा आत्मविश्वास दुरुस्त करायला निघालो? न जमणं तिच्या पायांचं नव्हतं, तो नाच बसवणाऱ्यांचं होतं. ज्युडी ह्यूमन नावाची अमेरिकन मुलगी होती, लहानपणी पोलिओ झालेला, पाच वर्षांची असताना शाळेने तिला प्रवेश नाकारला, कारण काय तर तिच्या व्हीलचेअरमुळे आग लागल्यास धोका. आई शाळांशी भांडत राहिली. याच ज्युडीने मोठी होऊन १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरहून जास्त अपंग साथीदारांसह कित्येक दिवस ठाण मांडलं आणि भेदभाव रोखणाऱ्या नियमांवर सही करायला सरकारला भाग पाडलं. तिच्यात हिंमत कुठून आली याचं एक उत्तर मला असं दिसतं की आईला भांडताना बघून तिला कळलं असावं, चूक आपली नाही. तुमच्या लेकीलाही हे शब्दांत ऐकायला मिळू दे, ‘तुला बाजूला बसवलं ते चुकलं, आणि मी बाईंशी बोलणार आहे. तू येशील का, की मी एकटी जाऊ?’

बाईंशी बोलताना ‘तिला पण घ्या ना’ असं विनवू नका. ‘पुढच्या कार्यक्रमात ती कशी सहभागी होणार आहे?’ असं विचारा, म्हणजे चर्चा कशी यावर होते, होईल का यावर नाही. वॉकरसकट नाच बसवता येतो, बसून करायच्या हालचाली सगळ्या वर्गाला देता येतात, आणि तिला नाचायचंच नसेल, मागचा पडदा रंगवायचा असेल तर तोही तिचा निर्णय.

नक्कल करणाऱ्या मुलांचा बंदोबस्त करणं हे मोठ्यांचं काम आहे, ‘दुर्लक्ष कर, घट्ट हो’ असं सांगून ते तिच्यावर ढकलू नका. काय झालं, कधी, कुणासमोर हे तारखेसकट लिहून शाळेला द्या आणि काय करणार ते लेखी मागा. पण बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून सहानुभूतीचं भाषण द्यावं असं तिला न विचारता होऊ देऊ नका, अशा भाषणानंतर तिला मैत्रिणी मिळत नाहीत, मदतनीस मिळतात. तिच्या हातात एखादं तयार वाक्य असलेलं मात्र बरं, कारण निम्म्या मुलांना खरंच काही माहीत नसतं. ‘माझे पाय ताठ असतात, जन्मापासून. तुला होणार नाही. खेळायचं का?’ हे घरी बोलून बघा, भावाला आगाऊ मुलगा करा, हसा, तिचं वाक्य तिला बदलू द्या. आणि कधी काहीच न सांगता निघून जायचं असेल तर तीही मुभा. प्रत्येकाला समजावत बसायचा ठेका काही तिने घेतलेला नाही.

पडण्याबद्दल थोडंसं. तुमच्या पत्रात ‘पडेल’ हा शब्द बऱ्याच वेळा आलाय. पडेल ती. फिजिओथेरपिस्टना विचारा, कसं पडायचं आणि जमिनीवरून एकटीने कसं उठायचं हे शिकवता येतं, गादीवर सुरुवात करून. अपंगांच्या हक्कांवर लिहिणारे अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवलंय की धोका पत्करण्यातही माणसाचा मान असतो, अपंग माणसाला सगळ्या धोक्यांपासून वाचवत राहिलं की तो मान आपण काढून घेतो. डोक्याला मार, रस्ता, पाणी, इथे तडजोड नको. खरचटणं चालतं. भावाचे गुडघे किती वेळा फुटलेत आठवा.

भावावरून आठवलं. तो तिच्या पुढे जातोय हे दोघांनाही दिसतंय, झाकू नका. त्याच्या बुटांचं कौतुक तिच्यासमोर दबक्या आवाजात करायची गरज नाही, आणि त्याला ‘ताईला मदत कर हं’ म्हणून सहाव्या वर्षी छोटा केअरटेकरही करू नका. दोघांनी भांडावं, तिने त्याला दादागिरी करावी, मोठ्या बहिणीचा हक्कच आहे तो.

ज्यांच्या मुलांचं अपंगत्व वेगळं आहे अशांची पत्रंही माझ्याकडे पडून आहेत, तुम्हीही हे वाचत असाल तर, तत्त्व तेच पण घरातली कृती बदलते. दिसत नसलेल्या मुलाच्या हातात वस्तू कोंबू नका, कुठे आहे ते सांगा आणि त्याला शोधू द्या, वस्तूंच्या जागा न सांगता बदलू नका. ऐकू न येणाऱ्या मुलासमोर सगळे एकदम हसले आणि त्याने विचारलं काय झालं, तर ‘काही नाही, नंतर सांगते’ हे वाक्य घरातून हद्दपार करा, त्या ‘नंतर’मध्ये किती मुलं एकटी पडलीत. बोलायला वेळ लागणाऱ्या, चित्रांच्या बोर्डाने किंवा टॅबने बोलणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, मनात दहापर्यंत मोजा. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला तोंडी उत्तर देऊ द्या, म्हणजे त्याला कळेल की वाचन अवघड आहे, आपण मठ्ठ नाही. स्वमग्न मुलाला नवीन जागेचे फोटो आधी दाखवा, तिथून बाहेर पडायची खूण ठरवून ठेवा, आपल्याला निघता येतं हे कळलेलं मूल जास्त वेळ थांबतं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला दोनच पर्याय द्या पण खरे द्या, आणि त्याने निवडलेलं बदलू नका.

परत तुमच्याकडे. बंडुराची दुसरी वाट आठवतेय ना, आपल्यासारख्या कुणाला तरी बघणं. तिला तिच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी, वॉकर वापरणारी एखादी मुलगी भेटवता आली तर बघा, थेरपी सेंटरमध्ये विचारा, पालकांच्या ग्रुपवर विचारा. आणि सेरेब्रल पाल्सी असलेलं एखादं मोठं माणूस, साधी नोकरी करणारं, बॉसवर वैतागणारं, घराचं भाडं भरणारं. मोठेपणी आपलं काय होतं हे तिला कुठेच दिसत नाही, म्हणून ती रात्री तुम्हाला विचारते. अशा माणसाशी तुम्हीही बोला, तुमच्या बऱ्याच भीतींची उत्तरं माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त चांगली असतील.

एक काळजीचं सांगते. हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे ती झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणत असेल, चित्रं काढायची पण बंद केली असतील, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. आणि ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं काही बोलली तर एक दिवसही थांबू नका. अशा मुलांचं दुखणं, थकवा आणि उदासपण बऱ्याचदा एकमेकांत मिसळलेलं असतं, तेव्हा डॉक्टरांना पाय दुखतात का, स्प्लिंट आखूड झालेत का हेही बघायला सांगा, वाढत्या वयात ते सारखे आखूड होतात.

शाळा बदलायचं आत्ता ठरवू नका. आधी बाईंशी आणि मुख्याध्यापकांशी बोला आणि मग काय होतं ते बघा. चूक मान्य करून पुढच्या कार्यक्रमाचं तिच्याशी बोलतात का, नक्कल थांबते का, लेखी दिलेलं पाळतात का, तिला मधल्या सुट्टीत बसायला एखादी मैत्रीण आहे का. हे होत असेल तर तिथेच राहणं तिच्या फायद्याचं, ओळखीच्या जागी तिने ही लढाई जिंकलेली असेल. ‘तुमच्या मुलीलाच सवय करायला हवी’ असं उत्तर आलं तर मात्र दुसरी शाळा बघायला लागा, आणि बघायला जाताना तिला बरोबर न्या, टॉयलेटचं दार वॉकरसकट उघडतं का हे तिलाच तपासू द्या, तिथल्या मुख्याध्यापकांना काय विचारायचं त्याची यादीही तिच्याकडूनच लिहून घ्या.